जुनी इलेक्ट्रिक गिटार पारखताना

अकरावी-बारावीच्या वर्गात एखादा तरी विद्यार्थी असा असतो, की ज्याने वर्षभर पैसे साठवलेले असतात आणि ज्याला कोणाची तरी वापरलेली इलेक्ट्रिक गिटार स्वस्तात मिळत असते. "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता, जरा बघता का?" असे त्याने विचारले, तर गिटार वाजवता येत नाही म्हणून आपण मागे सरण्याचे कारण नाही. तिच्यातले कोणते दोष दहा मिनिटांत निघतात आणि कोणते तिच्या किमतीएवढ्या खर्चातही निघत नाहीत, हे ओळखायला लागणारे बहुतेक विज्ञान पाठ्यपुस्तकातलेच आहे. रंगाचे टवके उडाले आहेत का, हे आम्ही शेवटी पाहतो. खरे तर पाहिले नाही तरी चालते.

सुरुवात मानेपासून करू. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार 1954 साली आली आणि तिच्या घडणीच्या नकला आज जगभर बनतात. तिच्यात तारेची कंपन पावणारी लांबी साधारण 648 मिलिमीटर असते. सर्वांत बारीक तार 0.25 मिलिमीटर जाडीची, म्हणजे मीटरला सुमारे 0.4 ग्रॅम वजनाची धरू. ती सेकंदाला 330 कंपने करते. ताण काढायचा तर लांबीची दुप्पट गुणिले वारंवारता, त्याचा वर्ग, गुणिले दर मीटरचे वस्तुमान. उत्तर येते सुमारे 73 न्यूटन, म्हणजे साडेसात किलोग्रॅम वजनाइतके. सहा तारा मिळून हा ताण पंचेचाळीस किलोग्रॅमच्या घरात जातो. एवढी ओढ लाकडाची बारीक मान वर्षानुवर्षे सहन करते. तिला तोल देण्यासाठी आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात.

मान वाकली आहे का, हे पाहायला फूटपट्टी लागत नाही. ताणलेली तार हीच सर्वांत सरळ पट्टी! एका हाताने तार पहिल्या पडद्यावर दाबावी, दुसऱ्या हाताने जिथे मान धडाला मिळते तिथल्या पडद्यावर. आता मधल्या, सातव्या-आठव्या पडद्याचा माथा आणि तार यांत किती फट आहे ते पाहावे. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. तार मध्यभागी जास्त झोके घेते, तिला तेवढी मोकळीक हवीच. फट बरीच जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर विकणाऱ्याला ट्रस रॉडचा नट पाव फेऱ्याहून कमी फिरवायला सांगावे. फट बदलली तर काळजी नाही. नट फिरतच नसेल किंवा शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर आम्ही ती गिटार घेऊ नका असेच सांगू.

मग गिटार उचलून धडाकडच्या टोकाने, बंदुकीचा नेम धरतात तसे मानेवरून पाहावे. पडद्यांच्या सगळ्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. मान पिळवटली असेल तर त्या पंख्याच्या पात्यासारख्या कलत जातात. सळई मानेला पुढे-मागे वाकवू शकते, पीळ काढू शकत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, धातू मात्र तसाच राहतो. त्यामुळे मानेच्या कडेने हात फिरवताना पडद्यांची टोके बोचली, तर घाबरू नये. ती कानशीने घासता येतात.

पडदे बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. तारा पोलादाच्या, त्याहून कठीण. साहजिकच झीज पडद्यांची होते, आणि सुरुवातीच्या तीन-चार पडद्यांवर तारांखाली खळगे पडतात. पडद्याची उंचीच जेमतेम 1 मिलिमीटरच्या आसपास असते. उथळ खळगे घासून निघतात, खोल असतील तर पडदे बदलावे लागतात आणि ते काम महाग आहे. एकेक तार एकेका पडद्यावर दाबून वाजवावी. बावीस पडदे असतील तर 132 ठिकाणे होतात, पण वेळ पाच मिनिटेच लागतो. झणझण कुठे येते ते लिहून ठेवावे.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक ते सरकवून सूर जुळवतो. गिटारचे पडदे ठोकून बसवलेले. त्यामुळे दुरुस्तीला जागा उरते ती फक्त घोडीत. बाराव्या पडद्यावर लांबी निम्मी होते, सूर दुप्पट वारंवारतेचा यायला हवा. प्रत्यक्षात तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. तो चढ भरून काढायला घोडीतल्या स्क्रूने तार थोडी लांब करतात. मोबाइलमधल्या ट्यूनरवर मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तार ताडून पाहावी. फरक आढळला, तर स्क्रू गंजून बसला आहे का तेवढे बघावे. तो फिरत असेल तर हा दोषच नव्हे. गंजलेल्या जुन्या तारांवर मात्र ही परीक्षा फसते, कारण त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

आता विजेचा भाग. तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकावर हजारो वेढ्यांची, केसाएवढ्या बारीक तारेची गुंडाळी. चुंबकामुळे वरची पोलादी तार चुंबकित होते. ती हलली की गुंडाळीतून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि विद्युतदाब निर्माण होतो. फॅराडेने 1831 साली दाखवलेले प्रवर्तन ते हेच. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर सोबत न्यावा. गिटारला तिची केबल लावून, आवाजाचे बटण पूर्ण वाढवून, मोकळ्या पिनीचे टोक आणि दांडा यांमधला रोध मोजावा. एका गुंडाळीच्या पिकअपला 6 किलोओहमच्या आसपास आकडा येतो, दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला बहुधा 7 ते 9. आकडा एकदम 250 किलोओहमच्या जवळ गेला तर? आवाजाच्या बटणाचा रोध गुंडाळीला समांतर जोडलेला असतो आणि या घडणीत तो बहुधा 250 किलोओहमचाच असतो. म्हणजे आपण नुसते बटण मोजतो आहोत, गुंडाळी कुठेतरी तुटली आहे. समांतर जोडणीचे इतके चांगले उदाहरण वर्गात सहसा मिळत नाही. निवडीचा स्विच फिरवून प्रत्येक पिकअप असा मोजावा. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपना मात्र ही रीत लागू नाही.

बटण फिरवताना येणारी खरखर बहुतेक वेळा कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीची असते. साफ करायचा फवारा मारला की ती जाते.

अॅम्प्लिफायर लावल्यावर थोडी घरघर ऐकू येईल. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली, तर तारा आतून अर्थला जोडलेल्या आहेत असे समजावे. पण हाताला झिणझिण्या आल्या, तर खरेदीचा विचार तिथेच थांबवावा. 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा गिटारवादक रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला. अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. असा दोष बहुधा गिटारमध्ये नसतो, तो अॅम्प्लिफायरमध्ये किंवा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. गिटार बाजूला ठेवावी, प्लग काढावा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तीच गिटार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, खात्रीच्या अॅम्प्लिफायरवर वाजवून पाहावी.