वैतरणेच्या पुलावर तुटलेला डाव

वैतरणा स्टेशन सुटलं की सफाळ्याच्या आधी खाडीवरचे दोन पूल लागतात, रेल्वेच्या नोंदीत ९२ आणि ९३ नंबरचे. मधल्या बेटावर वाढीव गाव. तारापूर एमआयडीसीत कामाला जाताना गेली वीस वर्षं मी या पुलांवरून जातो आणि डब्यातल्या फोनवरचे खेळ बदलताना बघतो. पुलावर रेंज जायची, रंगात आलेला डाव तुटायचा. खेळ बनवणाऱ्याकडे याची नोंद कशी होत असेल, हा प्रश्न मला तिथेच पडला.

आधी तर नोंदच होत नसे. विशाल गोंदल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी सुरू केली. बटणांच्या फोनवरचे तिचे खेळ मोबाइल कंपन्यांमार्फत विकले जात. किती खपले ते कळे. घेणाऱ्याने तिसऱ्या लेव्हलला वैतागून सोडला का, ते कळायची सोय नव्हती.

अमेरिकेत मात्र तेव्हाच अशी नोंद ठेवणं रुळत होतं. ‘हाफ-लाइफ २: एपिसोड टू’ २००७ मध्ये आला आणि खेळाडू नेमके कुठे मरतात याचे नकाशेच तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने जाहीर केले. ‘हॅलो ३’ही २००७ चाच. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने सुमारे ६०० जणांचा मिळून ३,००० तासांहून जास्त खेळ तपासला. एका लेव्हलला लोकांच्या गोळ्या संपायच्या. जास्त गोळ्या ठेवल्या की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण खेळणाऱ्यांकडे नीट बघितल्यावर दिसलं, की ते फार लांबूनच गोळ्या झाडत सुटतात. मग शत्रू टप्प्यात आला की नेम धरायची खूण लाल होईल, अशी सोय केली. अडतंय कुठे हे आकड्यांनी दाखवलं, का अडतंय ते माणसांकडे बघून सापडलं. या धंद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

२०१६ मध्ये जिओ आलं. त्याच वर्षी नवी मुंबईच्या गेमेशनचा, विकाश जयस्वाल यांचा ‘लुडो किंग’ही आला. आता नेटवर चालणाऱ्या खेळात बारीकसारीक नोंद होऊ लागली: आज घेतलेल्यांपैकी उद्या किती परतले, सातव्या दिवशी किती उरले. आमचे रोज तुटणारे डाव अशा तक्त्यात ‘खेळाडू मध्येच गेला’ एवढेच दिसणार. ते पाहून कुणी डाव छोटा करायला घेईल, आणि आडवी तर खाडी आलेली! लुडो किंगमध्ये नेटशिवाय एकाच फोनवर चौघांनी खेळायची सोय होती. डब्यातल्या आम्ही चौघांनी तीच धरली.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये गाड्या थांबल्या. त्या वर्षी लुडो किंगमध्ये व्हॉइस चॅट आलं आणि आम्ही चौघं चार घरांतून भांडू लागलो. फासे पडत राहिले, पण खरी ओढ त्या आवाजांची होती.

याच नोंदींचा दुसरा वापर मला खुपतो. मूल नेमकं कधी हताश होतं ते हेरून त्याच क्षणी त्याच्यापुढे खरेदीचं बटण धरणं, याला मी खेळाची सुधारणा म्हणणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाईची तरतूद केली, ते योग्यच झालं.

सुधारणेची सरळ वाट दुसरी आहे: पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा खेळ आधी मोजक्या खेळाडूंना बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, खेळू दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांसाठी आणला. आमच्या डब्यातली पोरं आता असले खेळ खेळतात. पुलावर रेंजही बहुतेक टिकते. आम्ही चौघं मात्र अजून एकाच फोनवर डाव लावतो. ज्याची पाळी, त्याच्या हातात फोन.