पावसाचा आलेख : संगणकास काळ कसा सांगावा

एखाद्या गोष्टीचे मोजमाप ठराविक अंतराने पुनःपुन्हा घेतले व ते क्रमाने मांडले, म्हणजे जी संख्यांची ओळ तयार होते तिला संख्याशास्त्रात ‘कालश्रेणी’ असे म्हणतात. वेधशाळेतील रोजचे तापमान, धरणातील पाण्याची साप्ताहिक पातळी, बाजारातील धान्याचे मासिक भाव ही सारी कालश्रेणीचीच उदाहरणे होत. वर्गातील मुलांच्या उंचीचे आकडे कोणत्याही क्रमाने लिहिले, तरी त्यांचा अर्थ बदलत नाही. पावसाच्या आकड्यांचा क्रम बदलला, तर सरासरी तीच राहते. परंतु अर्थ मात्र नाहीसा होतो.

बंगळूर शहराचे उदाहरण घेऊ. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. १९८१ ते २०१० या तीस वर्षांच्या सरासरीप्रमाणे तेथे वर्षाकाठी सुमारे ९८७ मिलिमीटर पाऊस पडतो. जानेवारीत तो जेमतेम २ मिलिमीटर असतो. एप्रिलमध्ये ४१ आणि मे महिन्यात १०७. जून व जुलै हे महिने जवळजवळ मे इतकेच ओले जातात. ऑगस्टमध्ये १४७, सप्टेंबरमध्ये २१३ व ऑक्टोबरमध्ये १६८ मिलिमीटर पाऊस होऊन डिसेंबरात तो १६ पर्यंत उतरतो.

हे आकडे आलेखावर मांडले असता बंगळूरच्या ऋतुमानाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटलेला असतो. बंगळुरात मात्र मे महिन्यात वळिवाच्या सरींनी रेषा वर चढते, तीन महिने सपाट चालते आणि सप्टेंबरात शिखर गाठते. याचे कारण असे की, नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बरेचसे पाणी सह्याद्रीवरच ओततात व पूर्वेकडील पठारावर त्यांचा जोर ओसरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात होणारे गडगडाटी पाऊस ही उणीव भरून काढतात.

कालमानाचे असे आलेख काढण्याची पद्धत जुनी आहे. १७८६ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांच्या रूपाने छापले. क्ष-अक्षावर काळ व य-अक्षावर राशी ही त्याची मांडणी आजही रूढ आहे. फरक एवढाच की, हाताने रेघा ओढण्याचे काम आता संगणक करतो. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञांनी खास भाषा निर्माण केल्या आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ पासून ‘एस’ ही भाषा रचली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही भाषा तयार केली. ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे.

तीस वर्षांचे मासिक आकडे म्हणजे ३६० संख्या. त्या नुसत्याच ‘आर’च्या स्वाधीन केल्या, तर क्ष-अक्षावर १ ते ३६० असे अनुक्रमांक उमटतात, कोणता बिंदू कोणत्या वर्षाचा, हे कळत नाही. म्हणून ‘टी. एस.’ या आज्ञेद्वारे दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, श्रेणीचा आरंभ : १९८१ सालचा पहिला महिना. दुसरी, वर्षातील नोंदींची संख्या : १२. एवढे सांगितल्यावर ‘प्लॉट’ ही आज्ञा दिली की, अक्षावर वर्षे येतात आणि दर पावसाळ्याचे शिखर आपापल्या जागी उभे राहते.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. यंत्राला ऋतूंचे ज्ञान नसते. महिन्यांची इंग्रजी नावे केवळ शब्द म्हणून दिली, तर वर्गवारी करताना ही भाषा ती वर्णानुक्रमाने लावते. एप्रिलनंतर ऑगस्ट, मग डिसेंबर, फेब्रुवारी, जानेवारी असा क्रम होतो आणि सप्टेंबर अगदी शेवटी जातो. रेषा सुबक निघते, परंतु अशा क्रमाने पाऊस पृथ्वीवर कोठेही पडत नाही.

याहून फसवी चूक गाळलेल्या नोंदीची असते. समजा, एका वर्षाच्या मार्च महिन्याची नोंद हरवली व ती ओळच काढून टाकली. ‘टी. एस.’ ही आज्ञा सर्व नोंदी समान अंतराने आल्या आहेत असे गृहीत धरते. त्यामुळे एप्रिलचा आकडा मार्चच्या जागी सरकतो, आणि पुढील प्रत्येक वर्षी सप्टेंबरचा पाऊस ऑगस्टमध्ये पडलेला दिसतो. त्या जागी शून्य लिहिणेही तितकेच चूक होय. कारण ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला गेला नाही’ ही दोन विधाने भिन्न आहेत. नोंद नाही हे दर्शविण्यासाठी ‘आर’मध्ये ‘एन. ए.’ ही स्वतंत्र खूण आहे. ती वापरली की रेषा त्या ठिकाणी तुटते, आणि ती तुटलेली दिसणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

श्रेणी नीट मांडल्यावर तिचे पृथक्करण करता येते. ‘डीकंपोज’ ही आज्ञा बारा महिन्यांच्या चल सरासरीने दीर्घकालीन कल वेगळा काढते, दरवर्षी फिरून येणारा ऋतूंचा भाग निराळा दाखवते आणि उरलेला अनियमित भाग स्वतंत्रपणे मांडते. चल सरासरीला दोन्ही बाजूंच्या महिन्यांचा आधार लागत असल्याने श्रेणीच्या आरंभीचे सहा व अखेरचे सहा महिने कलाच्या रेषेवाचून राहतात. अगदी अलीकडचा कल सांगण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

हा केवळ चित्रकलेचा प्रश्न नव्हे. बंगळुरात २०१७ साली १,६९६ मिलिमीटर पाऊस झाला; तो विक्रम २०२२ साली मोडला आणि त्या सप्टेंबरात शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच शहराला पाणीटंचाई सोसावी लागली. केवळ दोन-तीन वर्षांचा आलेख पाहणाऱ्यास कधी महापुराची, तर कधी अवर्षणाची खात्री वाटेल. नाले केव्हा साफ करावेत आणि तलावांत किती पाण्यासाठी जागा राखावी, हे ठरविताना दीर्घ काळाची व अचूक जागी मांडलेली श्रेणीच उपयोगी पडते.

म्हणून आलेख काढण्यापूर्वी नोंदी मोजाव्यात. तीस वर्षांच्या ३६० भरल्या पाहिजेत. मग माहितीतला एखादा सप्टेंबर निवडून तो मूळ नोंदवहीशी ताडून पाहावा. तो जुळला, म्हणजे पुढील रेषेवर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.