मित्रपक्षाचा नेता आणि लोकमताची चुकीची मोजपट्टी

चेन्नईच्या नैर्ऋत्येला ओरगडम आहे. रेनो-निसान, भारतबेंझ, रॉयल एनफिल्ड, अपोलो टायर्स अशा कारखान्यांचा हा पट्टा चाकण-पिंपरीत काम केलेल्या मराठी माणसाला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो. इथले राजकारण मात्र तसे ओळखीचे नाही. शेजारच्या श्रीपेरुंबुदूर विधानसभा मतदारसंघातून २०२१ मध्ये काँग्रेसचे के. सेल्वपेरुंदगै निवडून आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. राज्यात त्या वेळी सत्ता होती द्रमुक आघाडीची. महाराष्ट्रातली आघाडी-युतीची सरकारे पाहिलेला माणूस यावरून सहज धरून चालतो की काँग्रेसही सरकारात असणार.

पण ती सरकारात नव्हती. पहिला गैरसमज इथेच आहे. निवडणुकीत मित्र असणे आणि मंत्रिमंडळात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तामिळनाडूने त्यांच्यातले अंतर फार काटेकोरपणे पाळले. २००६ चे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. २३४ जणांच्या सभागृहात द्रमुककडे फक्त ९६ आमदार होते. बहुमताला ११८ लागत होते. काँग्रेसचे ३४ आणि पाट्टाळी मक्कळ कट्चीचे १८ आमदार बाहेरून पाठिंबा देत होते. तरीही करुणानिधींनी मित्रपक्षांना एकही मंत्रिपद न देता पूर्ण पाच वर्षे सरकार चालवले. द्रमुकचाच मित्रपक्ष असलेल्या विडुदलै चिरुत्तैगळ कट्चीचे तिरुमावळवन यांनी २०२४ मध्ये सत्तेत वाट्याची मागणी उचलली, तेव्हा तिथे एवढी खळबळ का उडाली, हे या पार्श्वभूमीवर समजते. ज्याच्या हाती खातेच नाही, त्या नेत्याविषयी ‘सरकारात राहून काय केले’ असा प्रश्न मतदाराला विचारताच येत नाही.

मात्र याच भूमीत संमिश्र मंत्रिमंडळ कधी झालेच नाही, असेही नाही. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेच्या ३७५ पैकी १५२ जागा काँग्रेसला मिळाल्या. बहुमत हुकले. तेव्हा वन्नियार समाजात पाया असलेले दोन छोटे पक्ष महत्त्वाचे ठरले. त्यातला कॉमनवील पक्ष उत्तर अर्काट आणि चिंगलपट या जिल्ह्यांतला, म्हणजे आजचे ओरगडम ज्या जुन्या जिल्ह्यात होते तिथलाच. त्याचे आमदार सहा. दुसऱ्या टॉयलर्स पक्षाचे एकोणीस. १९५४ च्या कामराज मंत्रिमंडळात या दोन्ही पक्षांचे नेते, माणिकवेलू नायकर आणि रामस्वामी पडयाची, मंत्री होते. पुढे दोन्ही पक्ष काँग्रेसमध्ये विरून गेले.

अशा कहाण्यांमुळे ‘धाकटा मित्र शेवटी गिळलाच जातो’ हे वाक्य आपल्याकडे नियमासारखे वापरले जाते. त्याला परदेशातूनही पुरावे मिळतात. ब्रिटनमध्ये निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने विद्यापीठाचे शुल्क वाढू देणार नाही असे वचन दिले होते. २०१० मध्ये सत्तेत जाऊन त्याच पक्षाने शुल्काची मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांवर नेण्याला साथ दिली. २०१० चे ५७ खासदार २०१५ मध्ये आठ झाले. पण हा नियम नव्हे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये काँग्रेसकडे ७५ आणि राष्ट्रवादीकडे ५८ जागा होत्या. उपमुख्यमंत्रिपदावर राहून पाच वर्षे काढल्यावर २००४ मध्ये राष्ट्रवादी ७१ वर गेली आणि काँग्रेस ६९ वर आली. धाकटा भाऊ थोरला झाला. तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव देशमुखच झाले, कारण राष्ट्रवादीने त्या पदाऐवजी उपमुख्यमंत्रिपद आणि जास्तीची मंत्रिपदे घेतली. मतदाराने दिलेला कौल आणि पदांची वाटणी यांचा संबंध किती सैल असतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

उपमुख्यमंत्रिपदाबद्दल थोडक्यात. ते घटनात्मक पद नाही. घटनेच्या १६४ व्या कलमात मुख्यमंत्री आहे, इतर मंत्री आहेत, उपमुख्यमंत्री नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले की अशा नेमणुकीने घटनेचा भंग होत नाही, पण ती व्यक्ती अखेर एक मंत्रीच असते. महाराष्ट्रात हे पद आले तेच मुळी १९७८ मध्ये, दोन काँग्रेस एकत्र येऊन झालेल्या सरकारात. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, उपमुख्यमंत्री नासिकराव तिरपुडे. तेव्हापासून हे पद प्रामुख्याने आघाड्यांच्या हिशेबासाठी वापरले गेले आहे.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज आकड्यांचा आहे. निकालानंतर लगेच तक्ता येतो: २०२४ च्या विधानसभेत शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के. मग म्हणतात, राज्यात शंभरातल्या नऊ जणांनाच अजितदादा हवे होते. पण राष्ट्रवादी लढली होती २८८ पैकी फक्त ५९ जागा. उरलेल्या जागांवर तिचे चिन्हच यंत्रावर नव्हते, मग तिथल्या तिच्या मतदाराने बटण कुठले दाबायचे? उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्या ५९ जागांवर पडलेली मते एकट्या राष्ट्रवादीची नव्हती, त्यांत भाजप आणि शिवसेनेची माणसे होती. म्हणून ९.०१ हा आकडा लोकप्रियता कमी दाखवतो की जास्त, याचे उत्तर त्या तक्त्यातून निघतच नाही. श्रीपेरुंबुदूरलाही हेच लागू. २०२१ मध्ये तामिळनाडूत काँग्रेसला ४.२७ टक्के मते मिळाली, लढवलेल्या जागा २५ आणि जिंकलेल्या १८. हे यश सेल्वपेरुंदगै आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे किती आणि द्रमुकच्या मतदाराचे किती, हे कोणताही निकाल वेगळे काढून देत नाही.

श्रेयाचेही असेच आहे. लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केली अर्थमंत्री अजित पवारांनी, मुख्यमंत्री होते एकनाथ शिंदे, महिला व बालविकास खाते राष्ट्रवादीच्या अदिती तटकरे यांच्याकडे होते, आणि सर्वाधिक १३२ जागा मिळाल्या भाजपला. खात्यात दीड हजार रुपये जमा झालेल्या बाईने कुणाचे आभार मानले हे तिलाच विचारायला हवे. पक्षांच्या जागा मोजून ते कळत नाही.

मग धाकट्या भागीदाराच्या नेत्याबद्दल लोकांचे मत कशावर बनते? माझ्या मते मुख्यतः त्याच्या खात्यावर. राष्ट्रवादीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. लोक हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरले, बक्षिसासाठी गावे एकमेकांशी स्पर्धा करू लागली. त्यातून घराघरांत पोहोचलेले ‘आबा’ हे नाव मंत्रिमंडळातल्या त्यांच्या क्रमांकावर अवलंबून नव्हते. गृहमंत्री झाल्यावर २००५ मध्ये त्यांनी डान्सबारवर बंदी आणली. ती मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही नाही, पण त्यांची ओळख त्या निर्णयाशी जोडली गेली ती गेलीच.

खाते देते तसे हिरावूनही घेते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर गृहमंत्री म्हणून त्यांच्या एका विधानाने संतापाची लाट उसळली आणि १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासरावांनाही काही दिवसांत जावे लागले. मोठा मित्र, छोटा मित्र असा भेद त्या आठवड्यात कुणी केला नाही. पुढल्या वर्षी तासगाव-कवठे महांकाळच्या मतदारांनी आबांना पुन्हा निवडून दिले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ते त्याच गृहखात्यात परतले. राजीनाम्याआधी त्यांच्याकडेच असलेले उपमुख्यमंत्रिपद मात्र या वेळी छगन भुजबळांकडे होते.