सिद्धार्थाचा गृहत्याग : धर्मानंद कोसंबी आणि आंबेडकर यांची मांडणी

बौद्ध धर्माच्या उगमाचे विवेचन बहुधा एका कथेपासून सुरू होते. राजवाड्याबाहेर पडलेल्या सिद्धार्थाला वृद्ध, रोगी, शव आणि संन्यासी ही चार निमित्ते दिसतात. त्याला वैराग्य येते, आणि पत्नी व नवजात पुत्र निद्रिस्त असताना तो रात्री गृहत्याग करतो. ‘बुद्धचरित’, ‘ललितविस्तर’ आणि ‘निदानकथा’ यांनी ही कथा सर्वत्र रूढ केली. विसाव्या शतकात तिच्या ऐतिहासिकतेला दोन मराठी भाषकांनी आव्हान दिले : धर्मानंद कोसंबी आणि बाबासाहेब आंबेडकर. तपशिलाचा वाटणारा हा वाद बौद्ध विचाराच्या गाभ्याशी, म्हणजे दुःख कशास म्हणावे या प्रश्नाशी, जाऊन भिडतो.

कोसंबींचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. बुद्धाच्या धर्माचा मुळातून अभ्यास करण्याच्या ओढीने ते श्रीलंकेस गेले, तेथे १९०२ साली प्रव्रजित झाले आणि पाली शिकले. ‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या मराठी ग्रंथाची पद्धती प्राचीन सुत्ते आणि उत्तरकालीन आख्याने यांत भेद करण्याची आहे. चार निमित्तांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात गौतमाविषयी नव्हे, तर विपस्सी या पूर्वबुद्धाविषयी येते. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तानुसार तरुण गौतम रडणाऱ्या आईवडिलांच्या समक्ष घर सोडतो. रात्रीच्या गुप्त पलायनास तेथे स्थान नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात तर स्वतः बुद्ध आपल्या उद्वेगाचे कारण सांगतात. शस्त्र धारण केल्याने भयच उत्पन्न होते, आणि परस्परविरोधाने तळमळणारे लोक पाहून आपले मन विटले, असा त्या निवेदनाचा आशय आहे. कोसंबींनी याचा संबंध शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहाशी जोडला. मात्र हे एकमेव कारण त्यांनी मानले नाही. जरामरणाचे चिंतन आणि गृहस्थजीवनाची संकुचितता ही अन्य सुत्तांत येणारी कारणेही त्यांनी नोंदविली आहेत.

या मांडणीचा पुढील टप्पा दिल्लीत आढळतो. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर, १९५१ पासून, आंबेडकरांचे वास्तव्य २६, अलीपूर रोड येथे होते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या इंग्रजी ग्रंथाचे काम त्यांनी येथेच पूर्णत्वास नेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली, ६ डिसेंबर रोजी याच घरी त्यांचे निधन झाले, आणि ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. बुद्धाशी त्यांचा पहिला परिचय मात्र मराठीतून झाला होता. १९०७ साली मॅट्रिक झाल्यानंतर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले होते.

ग्रंथाच्या प्रास्ताविकात आंबेडकर चार प्रश्न उपस्थित करतात. बुद्धाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये मूळ उपदेशाचा भाग आहेत काय? आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म कसे संभवतात? आणि भिक्षू कशासाठी? पहिल्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर कथारूप आहे. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद होतो. त्याच्या सदस्यत्वाच्या आठव्या वर्षी रोहिणीच्या पाण्यावरून तंटा पेटतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींकडून चौकशी व्हावी असे सुचवितो. त्याची सूचना बहुमताने फेटाळली जाते. युद्धात भाग घेण्यास नकार दिल्यावर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती यांचे भय समोर येते. तेव्हा कुटुंबास झळ पोहोचू नये म्हणून तो परिव्राजक होणे पत्करतो. पुढे शाक्य व कोलिय यांचा समेट झाल्याची वार्ता त्याला कळते. तरीही तो परतत नाही. राजांमधील युद्धे प्रसंगोपात्त होतात, परंतु वर्गावर्गांतील संघर्ष नित्य चालतो आणि जगातील दुःखाचे मूळ तेथे आहे, असे त्याला उमगलेले असते.

येथेच कथेचा सिद्धान्ताशी संबंध जडतो. चार निमित्तांच्या कथेत दुःख निसर्गप्राप्त आहे. जरा आणि मृत्यू यांस कोणी अपराधी नसतो. रोहिणीच्या कथेत दुःख मनुष्यकृत आहे, आणि म्हणून मनुष्याकडून दूर होण्याजोगे आहे. जन्म, जरा आणि मरण हेच दुःख असेल, तर आर्यसत्यांतून निराशावाद निष्पन्न होतो, अशी आंबेडकरांची शंका आहे. सारनाथ येथील प्रथम प्रवचनाच्या त्यांच्या मांडणीत म्हणूनच पंचशील, अष्टांगमार्ग आणि पारमिता यांवर भर येतो. कर्माविषयीची भूमिकाही याच दिशेची आहे. अनात्मवाद स्वीकारल्यावर पूर्वजन्मीचे कर्म वाहून नेणारा कोणी उरत नाही. गतजन्मीच्या पापामुळे मनुष्य अस्पृश्य जन्मला, हे समर्थन त्यामुळे बौद्ध विचारात टिकू शकत नाही. नागपुरास जमलेल्या लक्षावधींच्या दृष्टीने हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नव्हता.

या मांडणीवरील मुख्य आक्षेप संहितानिष्ठेचा आहे, आणि तो निराधार नाही. अट्ठकथांत रोहिणीचा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतर येतो. तेथे स्वतः बुद्ध तो मिटवितात. संघातील चर्चा, ठराव व मतदान यांचा तपशील प्राचीन ग्रंथांत नाही. आर्यसत्ये तर निकायांत ठायी ठायी येतात. परंतु दोन्ही ग्रंथांचा प्रकार भिन्न आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. कोसंबी प्रमाणांचे तारतम्य ठरवितात आणि अनेक कारणे शेजारी शेजारी ठेवतात. आंबेडकर एक कारण निवडून त्याचे चरित्रात रूपांतर करतात. त्यांचा ग्रंथ नवदीक्षितांच्या हाती द्यावयाचा आहे. अश्वघोषानेही आपल्या काळाच्या श्रोत्यांसाठी चार निमित्तांना काव्यरूप दिले होते. भेद इतकाच की त्याचा श्रोता काव्यरसिक होता, आणि आंबेडकरांच्या वाचकाला रोहिणीचा कलह समजावून सांगावा लागत नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह त्याच्या स्मरणात होता. पाण्याचा हक्क नाकारला जाणे म्हणजे काय, हे तो जाणत होता.