एम, ए, आर : तीन अक्षरं सारखी, पण हिशोब वेगळा!



आज थोडं इंग्रजी शिकूया. घाबरू नका, व्याकरण नाही. फक्त एम, ए, आर या तीन अक्षरांनी सुरू होणारे धंद्यातले शब्द घेऊया: मार्जिन, मार्कअप, मार्कडाउन आणि मार्केट. यातल्या दोन शब्दांची गल्लत केली म्हणून माझं दुकान बंद पडायची वेळ आली होती, म्हणून हा विषय मला जरा जास्तच जवळचा आहे.

बीबीए झाल्यावर मी स्टीलची भांडी आणि प्लास्टिकच्या डब्यांचं दुकान टाकलं. मनाशी ठरवलं, मार्जिन २५ टक्के ठेवायचं. १०० रुपयांची वस्तू आणली की १२५ ला विकायची. झालं २५ टक्के मार्जिन! असं मला वाटायचं.

महिन्याला २ लाखांचा माल विकला जायचा, गल्ला अडीच लाख. मी हिशोब करायचे, अडीच लाखांचे २५ टक्के म्हणजे ६२,५०० रुपये. खर्च किती? भाडं १८ हजार, दोन मुलींचा पगार २२ हजार, लाइटबिल, पिशव्या, टेम्पो मिळून ९ हजार आणि कर्जाचं व्याज ६ हजार. एकूण ५५ हजार. म्हणजे हातात साडेसात हजार उरायला हवे होते.

पण उरायचे नाहीत. उलट दर महिन्याला घरातून पैसे घालावे लागायचे. मला वाटलं कोणीतरी गल्ल्यातून पैसे काढतंय. सांगायला लाज वाटते, पण दुकानातल्या मुलींवर माझा संशय गेला होता.

शेवटी मामांना बोलावलं. त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, शिक्षण दहावी. त्यांनी माझी वही चाळली आणि एका कोऱ्या पानावर डावीकडे उभी रेघ मारली.

"हे काय आहे?"

"समास."

"इंग्रजीत?"

"मार्जिन."

"मग समास पानाच्या आत असतो का बाहेर? अगं, पान म्हणजे तुझी विक्री. तुझा समास त्या पानातच बसला पाहिजे. तू तर पानाला बाहेरून पट्टी चिकटवतेयस!"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परीक्षेत मी या दोन्ही व्याख्या लिहून मार्क मिळवले होते. काउंटरवर मात्र विसरले होते.

आता एकेक शब्द घेऊ.

मार्जिन: मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कडा, काठ. धंद्यात याचा अर्थ विक्रीच्या किमतीतला आपला हिस्सा. नफा भागिले विक्री किंमत. १२५ ला विकलं, २५ सुटले, तर २५ भागिले १२५ म्हणजे २० टक्के.

मार्कअप: मार्क म्हणजे खूण. किमतीची खूण वर सरकवली तो मार्कअप. हा खरेदीवर मोजतात. नफा भागिले खरेदी किंमत. २५ भागिले १०० म्हणजे २५ टक्के.

म्हणजे मी २५ टक्के मार्कअप लावत होते आणि त्यालाच मार्जिन म्हणत होते. खरा नफा ६२,५०० नव्हताच, तो होता ५० हजार. खर्च ५५ हजार. दर महिन्याला ५ हजारांचा खड्डा, आणि चोर कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलींना मी चहा पाजला. कशाबद्दल ते मात्र सांगायची हिंमत झाली नाही.

हा तक्ता काउंटरच्या आत चिकटवून ठेवा:

मार्कअप २५ टक्के = मार्जिन २० टक्के
मार्कअप ३३.३३ टक्के = मार्जिन २५ टक्के
मार्कअप ५० टक्के = मार्जिन ३३.३३ टक्के
मार्कअप १०० टक्के = मार्जिन ५० टक्के

आणि हे सूत्र: हवं ते मार्जिन १०० मधून वजा करा, खरेदी किमतीला त्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. २५ टक्के मार्जिन हवं तर १०० भागिले ७५, गुणिले १००. उत्तर १३३.३३. म्हणजे वस्तू १३४ ला लावायची, १२५ ला नाही.

मार्कडाउन: लावलेली किंमत खाली आणणं, म्हणजे आपला सेल. समजा १३४ च्या वस्तूवर तुम्ही १० टक्के सूट दिली. ती १२०.६० ला गेली. गिऱ्हाईकाला वाटलं दहाच टक्के सुटले. तुमचा नफा मात्र ३४ वरून २०.६० वर आला, म्हणजे नफ्यातला जवळजवळ ४० टक्के भाग गेला! "दहा टक्क्यांनी काय होतंय" असं म्हणण्याआधी हे आठवा.

मार्केट: दिसायला याच घरातला, पण कुळी वेगळी. हा लॅटिनमधल्या व्यापाराच्या शब्दावरून आलाय. मर्चंट म्हणजे व्यापारी आणि मर्चंडाइज म्हणजे विक्रीचा माल, हे त्याचे खरे भाऊबंद. पाट्यांवर दिसणारा मार्ट हाही त्याच घरातला. मार्जिन तुम्ही वहीत कितीही लिहा, ते मिळेल की नाही हे मार्केट ठरवतं. शेजारी तीच वस्तू १२८ ला मिळत असेल तर तुमचं सूत्र बरोबर असूनही माल पडून राहील. मग खरेदी स्वस्त करा, नाहीतर वेगळा माल आणा.

आणखी एक जोडशब्द, मार्जिन मनी. कर्जाला गेलात की कानावर पडेल. साधारण अर्थ, प्रकल्पात तुम्ही स्वतः घालायची रक्कम. पण पीएमईजीपी योजनेत सरकारी अनुदानालाच मार्जिन मनी म्हणतात आणि तुमचा स्वतःचा वाटा त्याहून वेगळा असतो. तेव्हा समोरचा कोणत्या अर्थाने बोलतोय ते आधी विचारा.

विचारण्यावरून आठवलं. सेल्समन म्हणतो, "ताई, वीस टक्के मार्जिन आहे." लगेच विचारा, "कशावर?" एमआरपी १२० असेल आणि वीस टक्के खरेदीवर असतील, तर माल तुम्हाला १०० ला पडतो. एमआरपीवर असतील तर ९६ ला. एका नगामागे ४ रुपयांचा फरक! एमआरपीच्या वर विकता येत नाही, त्यामुळे जे कमवायचं ते खरेदीतच. आणि एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, म्हणून जीएसटी भरत असाल तर आधी कर बाजूला काढा, मगच टक्के मोजा.

आजचा गृहपाठ: दुकानातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या तीन वस्तू घ्या. अजून दुकान टाकलं नसेल तर जो माल विकायचाय त्यातल्या तीन घ्या. प्रत्येकीचं मार्कअप आणि मार्जिन वेगवेगळं लिहा. मग महिन्याचा खर्च विक्रीच्या किती टक्के आहे ते काढा. मार्जिन त्या आकड्यापेक्षा कमी आलं, तर आजच किंमत किंवा खरेदी बदला. माझ्यासारखे दहा महिने थांबू नका.

मामांनी रेघ मारलेलं ते पान मी लॅमिनेट करून काउंटरच्या आत लावलंय. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तेच दिसतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!