जबड्यात दडलेले दात

सन २०१४ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातील एका सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढण्यात आले, ही वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी छापली. पुढे २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या एका बालकाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले आणि पहिला आकडा मागे पडला. आकड्यांच्या या चढाओढीत त्या वऱ्हाडी मुलाच्या गालावरची सूज दीड वर्ष निदानावाचून राहिली होती आणि ती कर्करोगाची तर नव्हे या धास्तीने बापाने त्याला मुंबईस आणले, ही हकीकत बहुतेकांनी वाचून सोडून दिली. वास्तविक शिकण्यासारखे जे काही होते, ते तिच्यातच होते. मुंबईच्या त्या शस्त्रक्रियेत दंतविभागाच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे व त्यांचे सहकारी सुमारे सात तास खपत होते. आतला गोळा संगमरवरासारखा कठीण निघाल्यामुळे तो अखेर छिन्नी-हातोडीने फोडावा लागला.

या व्याधीस ओडोंटोमा म्हणतात. तिची गणना अर्बुदांत होत असली तरी तो कर्करोग नव्हे. दाताच्या घडणीतच झालेला हा एक विकार आहे, असे बहुतेक विकृतिशास्त्रज्ञ मानतात. इमारतीच्या जागेवर चिरे, चुना, लाकूड असा सगळा माल वेळेवर येऊन पडावा, परंतु गवंड्याने एका वाड्याऐवजी त्याच नकाशावर शेकडो इवलीशी घरे उठवावीत, तसे तिच्या दोन प्रकारांपैकी संयुक्त प्रकारात घडते, आणि म्हणून त्यातून ओळखू येतील असे चिमुकले दात निघतात. जटिल प्रकारात मात्र नकाशाच गहाळ होतो आणि एनॅमल, डेंटीन व सिमेंटम ही अस्सल दंतद्रव्ये एकमेकांत कालवून त्यांचा बेढब ढीग तेवढा रचला जातो. मुंबईच्या त्या रुग्णात या दोन्ही तऱ्हांची सरमिसळ होती.

या विकाराची उपपत्ती प्रथम ज्याने लावली, त्या पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आज मेंदूतील वाचाकेंद्राशी इतके जखडले गेले आहे की, १८६० च्या दशकातील त्याच्या दंतार्बुदांवरील प्रबंधाचे स्मरण दंतवैद्यकाबाहेर क्वचितच कोणास असते; हा मला त्या थोर पुरुषावर झालेला अन्याय वाटतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि ब्रोका तर १८८० मध्येच निवर्तला. म्हणजे जिवंत माणसाच्या जबड्यात डोकावण्याचे कोणतेही साधन हाती नसताना त्याने असे प्रतिपादिले की, दंतांकुराच्या वाढीत ज्या अवस्थेला विघ्न आले असेल, तीवरून गाठीचे स्वरूप ठरते, आणि त्याच तत्त्वावर त्याने या गाठींची वर्गवारीही लावली. त्याने ओडोंटोमा या नावाखाली घातलेल्या कित्येक गाठी पुढे अन्य सदरांत गेल्या. परंतु काळाच्या क्रमावरून विकृती ओळखण्याची त्याची ती दृष्टी आजही जुनी झालेली नाही. टांझानियातील सुमारे साडेपंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका गॉर्गोनोप्सियनच्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दूरच्या आप्ताच्या, जबड्यात संयुक्त ओडोंटोमा आढळल्याचे अमेरिकन संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर केले, तेव्हा दातांच्या घडणीतली ही चूक सस्तन प्राण्यांच्याही आधीची असल्याचा दगडी दाखलाच मिळाला.

निदानाला फारशा थाटामाटाची गरज नसते. वेदना बहुधा नसतातच. दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान कायमचा एखादा दात वेळेवर न उगवणे, एवढीच काय ती खूण. एक्स-रेमध्ये वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात दातांचा पुंजका, किंवा खालच्या दाढांपाशी पांढरा गोळा, आणि त्याभोवती काळसर बारीक कडे दिसले की बरेचसे उलगडते. गाठ तिच्या आवरणासह सफाईने काढावी, अडकलेल्या दाताची वाट मोकळी करावी, जरूर तर तार बांधून तो खाली ओढून घ्यावा, एवढीच चिकित्सा. गाठ पुन्हा क्वचितच उद्भवते. तथापि काढलेला भाग विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत धाडल्यावाचून राहू नये, कारण अमेलोब्लास्टोमासारख्या गाठी वारंवार उलटतात व प्रसंगी जबड्याचा भागच काढावा लागतो. त्यांच्या आणि या निरुपद्रवी गाठीच्या उपचारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आपल्या नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि विदर्भातील गोरगरिबांस तेथे एक्स-रेची सोय आहे. पालकांना माझी विनंती इतकीच की, एका बाजूचा पुढचा दात उगवून सहा महिने उलटले तरी जोडीचा दात आला नाही, किंवा दुधाचा दात पडण्याचे वय सरूनही हलला नाही, तर मुलाला दंतवैद्याकडे न्यावे आणि एक्स-रे काढून घ्यावा. सूज येण्याची वाट पाहू नये.