जुना लॅपटॉप, लिनक्स आणि ते एकच विंडोज सॉफ्टवेअर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे हमखास होतं. मार्गदर्शक सांगतात, "डेटा अमुक सॉफ्टवेअरमध्ये चालवून आणा." ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, आणि आपला लॅपटॉप आठ-दहा वर्षांपूर्वीचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. चुडाव्याहून नांदेडला किंवा परभणीला ये-जा करून शिकणाऱ्या मुलाला "नवा घे" म्हणणं सोपं आहे, पण तो तरी पैसे कुठून आणणार? म्हणून लिनक्स टाकायचं ठरतं आणि गाडी त्या एका सॉफ्टवेअरपाशी अडते.

आधी एक गोष्ट तपासा: तुम्हाला नेमकं काय हवंय, खिडक्या-बटणं की आतलं गणित? आपल्याकडे सोयाबीन-ज्वारीवर काम करणारे डीसॅट हे पीक-मॉडेल वापरतात. त्याचा दर्शनी भाग विंडोजचा आहे, पण आतलं मॉडेल फोरट्रानमध्ये लिहिलेलं, मुक्त स्रोत आहे आणि ते थेट लिनक्सवर कंपाइल होतं. असं असेल तर पुढची खटपट करायचं कारणच नाही.

असा मार्ग नसेल तर वाईन. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प १.० आवृत्तीपर्यंत पोचायला २००८ उजाडलं! नावाचा विस्तारच सांगतो की हा एम्युलेटर नाही. म्हणजे काय? कुठलाही प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमकडे सतत काहीतरी मागत असतो: फाइल उघड, मेमरी दे, खिडकी काढ. विंडोजचा प्रोग्राम हे विंडोजच्या पद्धतीने मागतो. ती मागणी घेणारी फंक्शन्स वाईनने स्वतः नव्याने लिहिली आहेत आणि ती काम लिनक्सकडून करून घेतात. प्रोग्रामच्या बाकीच्या सूचना प्रोसेसर जशाच्या तशा चालवतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये आख्खं दुसरं विंडोज उभं करावं लागतं, ४ जीबी रॅममध्ये ते रडतखडत चालतं. वाईनला तो भार नाही.

आता इन्स्टॉल करताना मुलं जिथे अडकतात ते बघू. वाईन प्रत्येक मांडणीसाठी एक फोल्डर बनवतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात खोटी सी ड्राइव्ह, रजिस्ट्री, फॉन्ट, सगळं असतं. वेगळं काही सांगितलं नाही तर सगळी सॉफ्टवेअर एकाच प्रीफिक्समध्ये जाऊन बसतात. मग एकाला जुनं डॉटनेट हवं, दुसऱ्याला नवं, आणि दोन्ही बिघडतात. म्हणून दर सॉफ्टवेअरला वेगळा प्रीफिक्स. बिघडला तर तेवढा पुसायचा, बाकीच्यांना धक्का नाही. डॉटनेट, व्हिज्युअल सी++ च्या लायब्ररी असलं सामान वाईनट्रिक्सने घालता येतं. टर्मिनलची भीती वाटत असेल तर बॉटल्स हे ॲप हेच काम बटणांवर करून देतं. फक्त ते फ्लॅटपॅक असल्यामुळे तुमचं डेटाचं फोल्डर त्याला आपोआप दिसत नाही, परवानगी द्यावी लागते. "फाइलच सापडत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. बेरीज-गुणाकार प्रोसेसर करतो, तिथे फरक पडायचं कारण नाही. पण लॉग, घातांक, साइन यांसारखी फंक्शन्स प्रोग्राम कधीकधी विंडोजच्या लायब्ररीकडून मागतो, आणि इथे ती लायब्ररी वाईनची असते. शेवटच्या दशांश स्थळात फरक येऊ शकतो. हजारो पुनरावृत्ती करणाऱ्या मॉडेलमध्ये तो वाढूही शकतो. सॉफ्टवेअरसोबत नमुना डेटा आणि त्याचं उत्तर आलेलं असतं, ते आधी चालवून ताडून बघा. नसेल तर विभागातल्या विंडोज मशीनवर एकदा तोच डेटा चालवा. वाईनची आवृत्ती, प्रीफिक्समध्ये काय काय घातलं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात ते द्यावं लागेल आणि दोन वर्षांनी आठवणार नाही.

एका ठिकाणी मात्र वाईनच्या नादी लागू नका. प्रयोगशाळेतल्या उपकरणाचं सॉफ्टवेअर, किंवा डोंगल लावल्याशिवाय न उघडणारं. त्यांना बहुधा विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर लागतो आणि तो वाईनमध्ये सहसा चालत नाही. तो संगणक विंडोजवरच राहू द्या, इंटरनेट काढून टाका, आणि मोजमापं सीएसव्हीमध्ये काढून आपल्या लिनक्सवर आणा.